पाचपैकी पाच

माझे वडील विणकर. त्यांचा उजवा घोटा सारखा मुरगळायचा. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत, सपाट रस्त्यावरसुद्धा, पाऊल आत मुडपून ते पडायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच फिजिओथेरपी शिकून आले होते आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. एका रविवारी त्यांना बाजेवर बसवलं, पावलाच्या बाहेरच्या कडेला हात लावला आणि म्हटलं, "बाहेर ढकला." त्यांनी असा जोर लावला की माझा हातच मागे गेला.

"ताकद पाचपैकी पाच! पाय ठणठणीत आहे. चालताना तुमचंच लक्ष नसतं," मी फटकारलं. ते मात्र खुशीत गल्लीभर सांगत सुटले, "पोरीनं पैकीच्या पैकी मार्क दिले की!"

मूर्ख मी. तीस वर्षं हातमागाच्या पावड्या दाबणारा माणूस नुसत्या घोट्यानं ढकलतच नाही, मांडीपासून अख्खा पाय लोटतो. एकट्या घोट्याचं बळ कळावं म्हणून दुसऱ्या हातानं नडगी घट्ट धरायची असते, हे मला शिकवलं होतं. घरच्या माणसाला तपासताना मी ती धरलीच नाही.

दोन महिन्यांनी जिन्यावर तोच घोटा मुडपला आणि पडून डावा खुबा मोडला. त्यानंतर ते कधीच मागावर बसले नाहीत.

दवाखान्यातल्या खाटेशी बसून मी अखेर त्यांची उजवी नडगी धरली. "ढकला." त्यांनी दातओठ खाल्ले, पण पाऊल जागचं हललं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी ओशाळून विचारलं, "ह्या वेळी कमी पडले व्हय गं मार्क?"