सुटलेलं गणित

नवी मुंबईतल्या तळवली गावच्या वामन मढवींनी आपल्या नव्या बिल्डिंगचा तळमजल्याचा गाळा कितीतरी वर्षं कुणाला भाड्याने दिला नाही. दूधवाला विचारून गेला, मोबाईलवाला विचारून गेला, ब्यूटी पार्लर काढायला निघालेली एक बाई तर हात धुऊन मागे लागली. वामनशेठचं उत्तर ठरलेलं होतं. "तो गाला बायचा हाय. तिथं तिचा दवाखाना होनार."

बाय म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, निशिगंधा. ती तेव्हा आठवीत होती आणि साधं बोट कापलं तरी तिला गरगरायचं. पण भातशेती गेली, खाडीची मासळी गेली, जमिनीच्या बदल्यात आलेल्या पैशातून बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि आता मढवींच्या घरात फक्त एक डॉक्टर व्हायचा राहिला होता. वामनशेठ हे इतक्या प्रेमाने सांगायचे, की त्यांना नाही म्हणायचं निशिगंधाच्या कधी मनातच आलं नाही.

दहावीला तिला सगळ्या विषयांत चांगले मार्क पडले. गणिताने मात्र तेवढा घाम फोडला. पेपरच्या आदल्या आठवड्यात तिला जेवण जात नव्हतं. म्हणून अकरावी सायन्सला घणसोलीच्या कॉलेजात विषय ठरवायला गेली, तेव्हा टेबलामागच्या सरांनी सहज म्हटलं, "मेडिकलला जायचंय ना? मग मॅथ्स सोडलंस तरी चालेल. त्याच्या जागी भूगोल घे." डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं तिला झालं. तिने लगेच भूगोलावर खूण केली. घरी कुणी काही विचारलं नाही. बायॉलॉजी आहे ना, मग झालं.

भूगोल शिकवायला होत्या नफिसा मॅडम. मूळच्या उरणकडच्या, बोलायला फटकळ, पण पोरांना जीव लावणाऱ्या. बारावीच्या सुरुवातीला त्यांनी वर्गाला काम दिलं, आपापल्या राहत्या गल्लीचा नकाशा काढून आणा. पोरांनी घरं, दुकानं, रस्ते काढले. निशिगंधाने आणखी एक उद्योग केला. रविवारभर गल्लीत फिरून कुठे ऊन पोचतं ते पाहिलं आणि तेवढ्या जागा पिवळ्या रंगवल्या. तळवलीची ती गल्ली इतकी दाटीची, की एका घरातली मालिका समोरच्या घरात बसून बघता यावी. अख्ख्या कागदावर पिवळा रंग जेमतेम चार बोटं लागला. एका बाजूला तिने पेन्सिलीने दोन जिने सरकवून बघितले होते, म्हणजे मधे मोकळी जागा राहिली असती.

मॅडमनी तो कागद बराच वेळ हातात धरला. "हे जिने कुणी सांगितले तुला हलवायला?"

"कुणी नाही मॅडम. असेच. सॉरी, खोडून टाकते."

"खोडतेस कशाला? तू आर्किटेक्चरचा विचार केलायस का कधी?"

तो शब्द निशिगंधाला माहीत होता, पण तो आपल्यासाठी असू शकतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येईपर्यंत ती रस्त्यातल्या प्रत्येक बिल्डिंगच्या खिडक्या बघत आली. दोन दिवस ती नुसती तरंगत होती. तिसऱ्या दिवशी मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि समोर बसवून सरळ सांगितलं, "मी चौकशी केली. बारावीला मॅथ्स लागतं. आणि तू ते सोडलंयस."

निशिगंधाला वाटलं, झालं, संपलं. वर्षभरापूर्वी एका मिनिटात केलेली खूण तिच्या डोळ्यांसमोर आली. तिला रडू फुटलं.

"रडायचं नंतर," मॅडम म्हणाल्या. "बारावी पास झाल्यावर एकटा गणित विषय घेऊन परत परीक्षेला बसता येतं असं ऐकलंय. पण ऐकीव गोष्टीवर मी कुणाचं वर्ष पणाला लावणार नाही. शनिवारी वाशीला बोर्डाच्या ऑफिसात जाऊन विचारू."

शनिवारी दोघी गेल्या. तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलं. बसता येतं. अर्ज कॉलेजमार्फत जातो, बाकीच्या विषयांचे मार्क आहेत तसे राहतात, फक्त अकरावी-बारावीचं सगळं गणित करावं लागेल आणि प्रॅक्टिकलची वहीसुद्धा. बाहेर आल्यावर मॅडमनी दोघींसाठी उसाचा रस घेतला. "रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "लांबचा आहे, पण आहे. आता घरी सांग."

घरी सांगणं हेच जास्त कठीण होतं. तिने जेवताना विषय काढला, आणि वामनशेठचा घास हातातच राहिला.

"येक वरीस घरी बसनार? फकस्त येका विषयासाठी? लोकं बोलतील, वामनची पोरगी नापास झाली."

"पप्पा, नापास नाय. जादा विषय हाय."

"लोकांना कोन समजावनार?" ते ताटावरून उठले. मग दारातून मागे वळून म्हणाले, "पयली डॉक्टरकीची परीक्षा दे. मंग बघू."

तिने ती परीक्षा दिली. वडिलांना फसवायचं नव्हतं म्हणून मन लावून अभ्यासही केला. बारावीत छान पास झाली, पण डॉक्टरकीच्या परीक्षेचा निकाल असा आला, की वामनशेठनी तो फोनवर एकदा पाहिला, पुन्हा पाहिला आणि फोन तिला परत दिला. रागावले नाहीत. त्या संध्याकाळी ते गच्चीवर एकटेच बसून राहिले. निशिगंधाला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आठवडाभर घरात कुणी त्या विषयाला हात लावला नाही. मग एका दुपारी तिची आई सगुणा ओट्यापाशी कोळंबी साफ करत होती. वामनशेठ पाणी प्यायला आत आले आणि सवयीने म्हणाले, "भर दुपारची लाइट कशाला लावलीस?"

सगुणाने हातातलं काम थांबवलं. ती फारशी बोलणारी बाई नव्हती. "बंद करा," ती म्हणाली.

वामनशेठनी बटण दाबलं. स्वयंपाकघरात अंधार झाला. समोरची कोळंबीसुद्धा नीट दिसेना.

"आपलं कौलारू घर व्हतं तवा तुमच्या आयनं कौलांत काच बसवलेली. चुलीवर उजेड परायचा," सगुणा अंधारातच बोलत होती. "ही बिल्डिंग बांधली तवापासून मी दिवसाची लाइट लावून भात शिजवतंय. मना कधी बोलावंसं वाटलं नाय, तुमी एवढ्या हौसेनं बांधलीव. पन पोरगी बोलतं की तिला घरं नीट बांधायला शिकायचंय, तर तिला शिकू द्या. डॉक्टर काय, बाजूच्या सेक्टरमधी ढीगभर हायत."

वामनशेठनी पुन्हा बटण दाबलं आणि ते बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत ते निशिगंधाला म्हणाले, "तुज्या त्या मॅडमला फोन कर. फार्म कधी भरायचा इचार." आणि मग जरा थांबून, "तो गाला मी पार्लरवालीला देतू. चार वर्सं झाली, बिचारी अजून इचारते."

निशिगंधाला हसावं की रडावं कळेना.

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. नंदकुमार सरांच्या क्लासला ती जायची, तिथे सगळी पोरं तिच्याहून लहान. "दीदी, तू रिपीटर का?" असं एकीने पहिल्याच दिवशी विचारलं. गावात तर विचारायचीही गरज नव्हती, लोक ठरवूनच मोकळे झाले होते. हळदीकुंकवाला एका बाईने सगुणाला समजावलंसुद्धा, की पोरगी नापास झाली तर झाली, चांगलं स्थळ बघा. पहिल्या चाचणीत निशिगंधाला इतके कमी मार्क मिळाले, की तिने पेपर बॅगेच्या तळाशी दडवला.

तो नंदकुमार सरांनीच तिला बाहेर काढायला लावला. ते शांत गृहस्थ होते. "तू पाठ करतेस," ते म्हणाले. "गणित पाठ करू नकोस. तू चित्रं काढतेस ना? मग प्रत्येक उदाहरणाचं आधी चित्र काढ."

तिने काढायला सुरुवात केली. वक्ररेषा कागदावर उतरल्या की त्या कमानी वाटायच्या, उतार वाटायचे, आणि मग त्यांच्याविषयीचं गणित ओळखीचं वाटायचं. सगळंच सुटत होतं असं नाही. संभाव्यतेच्या धड्याशी तिचं शेवटपर्यंत जमलं नाही. पण दहावीतली ती भीती एक दिवस शोधली तर सापडेना. कॉलेजात प्रॅक्टिकलला बसायची परवानगी नफिसा मॅडमनी मिळवून दिली. आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेचा सराव ती दुपारी घरी करायची. मधूनच सगुणा येऊन बघायची आणि म्हणायची, "हे झाड बरा काढलास गो."

निकालात गणिताला तिला चांगले मार्क मिळाले. फार मोठे नाही, पण हवे होते तेवढे. प्रवेश परीक्षाही निघाली. नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात नंबर लागला. नफिसा मॅडमना तिने फोन केला तर त्या म्हणाल्या, "छान. आता या वर्षी अकरावीची पोरं विषय निवडायला बसतील तेव्हा तुझी गोष्ट सांगणार मी. नाव नाही घेणार."

"घ्या ना मॅडम," निशिगंधा म्हणाली.

पहिल्या सत्रात कॉलेजने काम दिलं, जवळपासची एखादी इमारत मोजून तिचं रेखाटन करा. तिने गावचं देऊळ निवडलं. रविवारी सकाळी ती टेप आणि वही घेऊन निघाली, तर वामनशेठ चपला घालून दारात उभे.

"तू एकटी कशी मोजशील? टेपचं दुसरं टोक कोन धरनार?"

देवळाच्या सभामंडपात बापलेक खांबाखांबाने पुढे सरकत होते. येणारा-जाणारा थांबून विचारत होता, "वामनशेठ, देऊल पारून नवा बांधताव का काय?"

"नाय रे," वामनशेठ खांबाशी वाकून टेपचं टोक घट्ट दाबत सांगत होते. "गप उभा ऱ्हा जरा, मधी येऊ नको. बाय मोजते."