मधल्या टाळ्या

कांतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं... गडचिरोलीहून या शहरात आले तेव्हा क्रांती चौकामागची आपली एक खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. पुढं घरमालकीण राहिली बाजूला, त्या मावशीच झाल्या. मी तापानं फणफणले तेव्हा उशाशी बसून मऊ भात भरवणाऱ्या त्याच.

मी सातवीत शाळा सोडलेली. बँक असो की दवाखाना, दारातच पोटात गोळा यायचा आणि तोंडातून निघायचं, ‘मला काय कळतंय त्यातलं.’ मावशींना या वाक्याचा भारी राग. त्या लासूर स्टेशनच्या. तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत गायच्या.

एकदा शहरात बाहेरचा मोठा वाद्यवृंद आला. कॅन्टीनमध्ये पास पडून होते, कुणी घेईना. मावशी म्हणाल्या, जायचं. स्टेजभर काळ्या कपड्यातले वादक, पुढं पियानोवर पिकल्या केसांचे एक गृहस्थ. युरोपातलं दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं, मनातल्या वादळांचं संगीत आहे, असं निवेदकानं सांगितलं. पियानो आधी एकटाच हळू बोलत होता, मग मागून सगळी व्हायोलिनं उसळली आणि मला का कोण जाणे, आमची पुरातली वैनगंगा दिसली.

पहिला भाग दणक्यात संपला. सभागृह चिडीचूप. त्यात मावशींच्या एकटीच्या टाळ्या, वर ‘क्या बात है’. आमच्या पुढच्या रांगेतले एक साहेब वळून म्हणाले की अजून संपलेलं नाही, मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. आता आपल्याला बाहेर काढणार, या भीतीनं मी मावशींचा पदर ओढला. त्या त्या साहेबांनाच म्हणाल्या,

“ठावं हाय, साहेब. संपल्यावर तर सगळेच वाजवतील. माणूस जीव तोडून वाजवतोय, आन आपण मुक्यानं बसायचं व्हय?”

मग माझ्याकडं वळल्या. “तुला आवडलं का नाय?”

“मला काय कळतंय...”

“कळलं का ते नाय इचारलं. आवडलं का?”

मी मान हलवली.

“मग हात कुठंयत तुझे?”

हात मांडीवरच राहिले. दुसऱ्या भागानंतरही त्या एकट्याच वाजवत होत्या. परतताना रिक्षात सांगत होत्या, पियानोवाले आपल्याकडं बघून हसले. आमच्या जागेवरून त्यांचं तोंडसुद्धा धड दिसत नव्हतं.

परवा मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाच्यानं त्यांच्या आवाजातलं जुनं भीमगीत लावलं. सगळे माना खाली घालून बसलेले. मावशींचा आवाज चढत गेला, कडवं संपलं, ढोलकी क्षणभर थांबली... आणि मी टाळ्या वाजवल्या. एकटीनं, मोठ्यानं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “ताई, दुःखाचा कार्यक्रम आहे हा.”

पोटात गोळा आलाच. तो काही जायचा नाही.

“ठावं हाय, दादा,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्यानंतरही वाजवल्या.