दहा फुटांची फळी

सुतारबाबांचा आवाज साऱ्या गल्लीला पाठ होता. नऊ वर्षांचे असताना एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले. बोलणं तेवढं शाबूत राहिलं, पण आपण किती मोठ्यानं बोलतोय हे कळायची सोय उरली नाही. त्यामुळे त्यांच्या घरातली साखर संपली की समोरच्या इमारतीलाही कळायचं. गल्लीनं त्यांचं नाव 'बिगुल' ठेवलं होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण ओठ वाचणाऱ्या माणसासमोर कुजबुजण्याचा खुळेपणा लोक वर्षानुवर्षं करत आले होते. बाबांना त्याचा राग नव्हता. आपल्याला कुणीतरी वाद्य म्हणतंय हेच त्यांना गमतीचं वाटायचं.

पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कामाचं बाक, रंधे, पटाशा आणि अर्ध्या झालेल्या खुर्च्या. आतल्या खोलीत सात महिन्यांच्या नातीची लाकडी खाट, तीही त्यांनीच केलेली. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. जावई जहाजावर, सहा महिन्यांनी एकदा घरी येणारा. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. लग्नानंतर, पोटात बाळ असताना अभ्यास करून तिनं परीक्षा दिली होती. तीन महिने कामाची पारख होणार होती आणि मग कायमची नेमणूक. त्यातला दीड महिना सरला होता. दुपारी दोन ते रात्री आठ ती कामावर असायची आणि तेवढा वेळ नात आजोबांच्या हवाली.

बहिऱ्या माणसाच्या हवाली तान्हं मूल कसं, असं विचारणारे होतेच. त्याचं उत्तर बाकाच्या वर भिंतीला लावलेलं होतं: एक लाल दिवा. खाटेजवळच्या यंत्राला रडणं ऐकू आलं की हा दिवा उघडझाप करायचा. दाराच्या घंटीसाठी असाच एक पांढरा दिवा होता. दिवा लागला की रंधा खाली, हात झटकून आजोबा आत. दिवा बंद असला की बाळ गाढ झोपलेलं. सगळं घर या हिशेबावर चालत होतं आणि तो आजवर कधी चुकला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहायच्या. वरच्या ठोकाठोकीनं त्यांच्या कापडावर छताचा चुना पडायचा. त्यांनी एकदाच, तेही हसत हसत, तक्रार केली. बाबा ओशाळले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्यानं का सोसायचं, असं म्हणत त्यांनी बाकाखाली जाड रबर अंथरलं, स्टुलाखाली अंथरलं आणि खाटेच्या चारही पायांना रबरी टोप्या चढवल्या. सौजन्य म्हणजे सौजन्य. त्यात कसर ठेवायची त्यांना सवय नव्हती.

त्या दिवशी चार वाजता गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळीकडे पंखे थांबले, रेडिओ थांबले, बायका गॅलरीत आल्या. बाबांच्या खोलीत मात्र काही म्हणजे काही बदललं नाही. खिडकीतून छान ऊन येत होतं, हवा थंड असल्यानं पंखा बंदच होता आणि रंध्याला वीज लागत नाही. खुर्चीच्या पायाला गोलाई देता देता ते मधूनमधून मान वर करून लाल दिव्याकडे बघत. दिवा बंद. आज पोर शहाण्यासारखी झोपलीय, असं त्यांच्या मनात आलं आणि ते खुशीत कामाला लागले.

आत नात रडून लाल झाली होती. शिंपीणबाई वर आल्या, घंटी दाबली, मग दार बडवलं, मग खाली जाऊन झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. रबरानं सगळं गिळून टाकलं. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला. लेक मिळेल त्या वाहनानं धावत आली. किल्लीनं दार उघडलं तेव्हा बाबा बाकावर वाकून, जीभ दातात धरून शेवटचा हात फिरवत होते. तिला बघून त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आज लवकर कशी सुटलीस?"

ती तडक आत गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर घसा बसलेली, उसासे टाकणारी नात होती. बाबांनी नातीकडे पाहिलं, मग वर दिव्याकडे पाहिलं, मग बटण दाबून पाहिलं. वीज नव्हती. ते स्टुलावर बसले आणि हातातला खुर्चीचा पाय मांडीवरून खाली पडला, तेही त्यांना कळलं नाही.

नवा ट्रान्सफॉर्मर यायला आठवडा तरी लागेल असं संध्याकाळी कळलं. लेकीनं दोन दिवसांची रजा मागून घेतली. याहून जास्त मागितली तर नोकरी विसरावी लागेल, हे वरिष्ठांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. अंधार पडल्यावर तिनं मेणबत्ती स्वतःच्या तोंडासमोर धरली, म्हणजे बाबांना ओठ दिसावेत.

"बाबा, तुमची काही चूक नाही. पण मी तिथे उभी राहीन आणि जीव इथे अडकलेला असेल. असं काम होत नाही. मी नोकरी सोडते."

 या पोरीनं पाठ टेकायला जागा नसताना, पुस्तक भिंतीला टेकवून अभ्यास केलेला बाबांनी पाहिला होता. तिची नोकरी आपल्या कानांपायी जावी हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"दोन दिवस रजा आहे ना," ते म्हणाले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू निघाला. "तेवढे मला दे."

सकाळी त्यांनी पहिलं काम केलं ते रबर उपटण्याचं. बाकाखालचं, स्टुलाखालचं, खाटेच्या टोप्या, सगळं गुंडाळून माळ्यावर. मग भिंतीला टेकवून ठेवलेली दहा फुटांची सागवानी फळी खाली घेतली. बायकोला मोठं जेवणाचं टेबल हवं होतं. त्यासाठी आणलेली ही फळी आज करू उद्या करू म्हणता तशीच राहिली होती आणि बायको गेल्यावर फळीला करवत लावायचा धीर होत नव्हता. ती फळी त्यांनी आतल्या खोलीपासून उंबऱ्यावरून बाहेरच्या बाकापर्यंत आडवी टाकली. खाटेचे दोन पाय एका टोकावर, आणि दुसऱ्या टोकावर अनवाणी ते स्वतः.

लेकीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण सुताराला लाकूड काय सांगतं ते सुतारालाच कळतं. रंध्याचं पातं बोथट झालं, लाकडात गाठ आली, सांधा सैल बसला, हे सगळं बाबांना पन्नास वर्षं हाता-पायांतूनच कळत आलं होतं. ते पाठ फिरवून उभे राहिले. लेकीनं खाटेवर टिचकी मारली, त्यांनी बोट वर केलं. तिनं नुसता हात टेकवला, त्यांनी बोट वर केलं. नात रडली, ते वळले. संध्याकाळी तर कमालच झाली. नातीनं झोपेत पाय झाडला आणि तोंड वाकडं केलं, रडणं अजून निघायचं होतं, तोवर आजोबा खाटेशी हजर.

शिंपीणबाईंना परीक्षक नेमलं गेलं. त्यांनी खाली बसून कान टवकारले आणि दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला वर आल्या. येता येता फळीला अडखळून पडता पडता वाचल्या. म्हणाल्या, दिवसभरात एकूण दीड वेळा रडणं ऐकू आलं, आणि अर्धं तर जांभईच असावी. चुन्याची काळजी करू नका, कापडावर जुनी चादर टाकते. बाबांनी त्यांना सांगितलं की तुमचं पायमशीन कधी चालतं आणि कधी थांबतं ते आता मला तळव्यांना कळतं, आणि दुपारी तुम्ही झोपता. बाई लाजून चूर झाल्या.

तिसऱ्या दिवशी लेक कामावर गेली. पहिले दोन तास ती दर पंधरा मिनिटांनी शिंपीणबाईंना फोन करत होती. मग अर्ध्या तासानं. पाचव्या दिवशी तिनं एकच फोन केला आणि तोही ब्लाउजच्या मापासाठी.

वीज नसल्याचे हाल होतेच. पाणी खालून बादल्यांनी आणावं लागे, दूध टिकत नसे, मेणबत्त्या दुकानात मिळेनाशा झाल्या. मेणबत्ती नसली की ओठ दिसत नाहीत आणि बाप-लेकीचं बोलणंच बंद पडे. सहाव्या दिवशी जेवणानंतर अंधारात बसलेले असताना लेकीनं बाबांचा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटानं एक एक अक्षर लिहिलं. तिची आई दिवे गेले की असंच करायची. बाबांनी हात मागे घेतला नाही. लेकीनं लिहिलं की आज एका चिमुकलीचं रक्त तपासलं आणि डॉक्टरांना वाटला होता तो आजार नव्हता. ते कळल्यावर त्या चिमुकलीची आई प्रयोगशाळेबाहेरच्या बाकड्यावर बसून कशी हसत होती, तेही लिहिलं. बाबांना लेक तिथे नेमकं काय करते हे त्या अंधारात पहिल्यांदा कळलं. विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी मनातल्या मनात त्या जळक्या ट्रान्सफॉर्मरचे आभार मानले. मनातल्या मनात म्हणजे काय, गल्लीला स्पष्ट ऐकू गेले. पाण्याच्या बादल्या वाहून कंबर धरलेल्या समोरच्या बिऱ्हाडाला ते मुळीच आवडले नाहीत.

आठव्या दिवशी दुपारी दीडला वीज आली. गल्लीत टाळ्या पडल्या. लेक कामावर निघायच्या तयारीत होती. तिनं आधी लाल दिव्याची जोडणी नीट तपासली, खाटेजवळचं यंत्र चालू केलं. बाबा बाकाशी स्टुलावर होते, पाठ फिरवून, पाय फळीवर.

आत नातीनं पाय झाडला. बाबा उठले, लेकीच्या समोरून आत गेले आणि नातीला उचलून खांद्यावर घेऊन बाहेर आले. ती खांद्यावर स्थिरावली आणि मग सावकाश तोंड उघडून तिनं भोंगा पसरला. तेव्हा कुठे भिंतीवरचा लाल दिवा लागला.

लेक त्या दिव्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. गेल्या आठ दिवसांत तिनं दारातून निघताना दर वेळी तीच ती यादी ऐकवली होती: दूध कुठे, टोपडं कुठे, शिंपीणबाईंचा नंबर कुठे. आज तिनं यादी म्हटली नाही. खोलीत लख्ख उजेड होता, ओठ स्वच्छ दिसत होते. तरी तिनं बाबांचा मोकळा हात हातात घेतला, तळहातावर दोनच अक्षरं लिहिली, 'येते', आणि मागे वळून न बघता जिना उतरली.

बाबांनी मूठ मिटून घेतली. पायरीगणिक लेकीची पावलं फळीतून त्यांच्या तळव्यांना लागत होती. शेवटची पायरी उतरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.