मास्तरांनी मशीन उचललं का?

पावसाबद्दल इतकं जाणणारा आणि पावसाला इतका भिणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल, असं मला अजूनही वाटतं. कॉलेजची तीन वर्षं शाहूपुरीकडच्या एका सखल गल्लीत मी ज्या शिंप्यांच्या घरी भाड्यानं राहिले, ते हे गृहस्थ. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मी चाचा म्हणायचे. मी गडहिंग्लजकडच्या खेड्यातली, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आमच्याकडं पावसाची वाट बघतात; पावसाला भ्यायचंही असतं, हे मला चाचांकडून कळलं. खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला दुकानाची भिंत दाखवली. प्रत्येक पुराचं पाणी कुठवर चढलं, ते त्यांनी गळ्यातल्या टेपनं मोजून भिंतीवर रेघ मारून ठेवलं होतं, आणि गिऱ्हाइकाची मापं सांगावीत तसं ते सांगत होते, "ह्यो गुडघा. ही कंबर. त्या साली छाती. गळ्याचं माप अजून घेतल्यालं न्हाय, पोरी." हसावं की सरळ गावची एसटी धरावी, मला कळेना.

पावसाळ्यात त्यांचा दिवस मोरीपाशी सुरू व्हायचा. आमच्या गल्लीत नदी कधी समोरून येत नाही. पंचगंगा फुगली की नाला उलटा फिरतो आणि पाणी घराघरातल्या मोरीतून गुपचूप वर येतं. म्हणून चाचा पहाटे मोरीशी ओणवे होऊन कान लावून बसायचे. चाची चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "निकाह झाल्यापास्नं माझं एवढं ऐकलं न्हाय ह्यांनी." मोरी झाली की गगनबावड्याला फोन. तिथं घाटमाथ्यावर त्यांचा एक चहावाला दोस्त होता. त्याच्याशी बोलणं नाहीच. "निस्ता पत्र्याखाली धर फोन," एवढंच सांगायचे आणि डोळे मिटून पत्र्यावरचा पाऊस ऐकायचे. तिकडचं पाणी इकडं कधी पोचणार, याचा त्यांचा हिशोब त्या आवाजावर चालायचा. पावसाच्या नक्षत्रांचीही त्यांना माणसांसारखी, एक तरणा, एक म्हातारा अशी ओळख होती. "तरणा पाऊस निस्ता दंगा करतोय. म्हातारा मुकाट येतोय आणि घरात घुसतोय," असं ते म्हणाले की आतून चाची, "म्हातारा तर हितंच बसलाय की!"

गल्लीचा त्यांच्या तोंडावर काडीचा विश्वास नव्हता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो माणूस रोज पूर येणार म्हणतो, त्याचं ऐकणार कोण? पण त्यांच्या पायमशीनवर सगळ्यांचा विश्वास होता. ते लोखंडी धूड आतल्या उंच कट्ट्यावर चढलं, की पाणी येणारच, असं गल्लीनं ठरवलेलं. भर पावसात लोक भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम दुकानावरून जायचे आणि घरी जाऊन सांगायचे, "उचललं न्हाय अजून." एकदा चक्क उन्हात चाचांनी खालचा पट्टा बदलायला म्हणून मशीन कट्ट्यावर चढवलं. तासाभरात अर्ध्या गल्लीचे गॅस सिलिंडर माळ्यावर गेले, आणि कोपऱ्यावर म्हशींचा गोठा असलेल्या आक्का पाच म्हशी घेऊन उंचावरच्या शाळेपर्यंत पोचल्यासुद्धा. परत आल्यावर त्यांनी चाचांचा जो उद्धार केला, तो मी इथं लिहू शकत नाही. तेव्हापासून चाचा मशीनला हात लावायलाही भ्यायचे.

माझ्या शेवटच्या वर्षी पाऊस आठवडाभर हटला नाही. पुलाच्या कमानीला पाणी टेकलं, म्हणजे कोल्हापूरकर म्हणतात तशी मच्छिंद्री झाली. त्या सकाळी गगनबावड्याचा फोन लागेना. चाचांनी वीस वेळा लावला असेल. मोरीत बुडबुडे येत होते, पण ते तर साध्या पावसातही येतात. आणि नेमकी आक्कांची एक म्हैस आज-उद्या व्यायला आलेली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, खरं सांगा. निसरड्या चढावर म्हस पडली तर रेडकू हातचं जाईल. मग तुमच्या मशीनवर शिवून देणार हायसा का?"

चाचांनी हातातला टेप बोटाभोवती गुंडाळला. ते माझ्याकडं वळले. "तू कॉलेजात शिकतीस. तूच सांग. येईल पाणी?"

मी मोबाइलवर सगळं बघितलं होतं, पण आमच्या मोरीचं त्यात काही नव्हतं. खोटा धीर द्यावा असं फार वाटलं. "मला माहीत नाही, चाचा."

त्यांनी टेप गळ्यात टाकला. "म्हाईत न्हाय म्हंतीस न्हवं? मग धर ती बाजू."

आम्ही दोघांनी मशीन उचललं. बाहेर लगेच हाका सुरू झाल्या, "मास्तरांनी उचललं! उचललं!"

म्हशीला शाळेकडं चढवताना चाचा चिंध्यांची पोती घेऊन पुढं चालत होते आणि तिच्या खुरांखाली कापडं टाकत होते. एकदा ती गुडघ्यावर आली, तेव्हा आक्कांच्या आधी तेच ओरडले. आणखी दोन कापडं टाकल्यावर ती उठली. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात ती व्याली. रेडी झाली, धडधाकट.

पाणी नाल्यातून उलटं गल्लीच्या तोंडाशी आलं, आक्कांच्या गोठ्याच्या एक घर अलीकडं थांबलं आणि दोन दिवसांनी माघारी गेलं. गोठा कोरडाच राहिला. गल्लीभर हशा झाला. आक्का खरवसाचं भांडं चाचांपुढं आपटत म्हणाल्या, "माझी म्हस फुकटची नाचवलीसा. खावा आता!"

चाचा खरवस खात इतके मनापासून हसले, की तीन वर्षांत तसं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं. मग हळूच मला विचारलं, "पोरी, चुकलो न्हवं मी?"

"चुकलात, चाचा."

"लई बरं झालं."

आता मी नोकरीला दुसऱ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहते. कोल्हापुरात पाऊस वाढल्याची बातमी आली की मला जेवण जात नाही. देवाकडं काय मागावं, हे मला नीट कधी कळलं नाही. त्या दिवसांत मात्र एवढंच मागते, की यंदाही चाचा चुकू देत.