जुनं पान मोठं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई बिचारी गरीब गाय होती आणि परिस्थितीनं तिला फसवलं. परिस्थितीबिरिस्थिती काही नाही. जे झालं ते मीच केलं.

रत्नागिरीहून तासाभराच्या वाटेवर, आत डोंगराकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा. पटावर चौदा मुलं, वर्ग पाच आणि शिक्षक दोन, त्यातले एक कायम मीटिंगला. इतिहासाचं पुस्तक काढलं की मुलांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. एकानं तर मला तोंडावर विचारलं, "बाई, मेलेली मानसं कशाला पाठ करायची?" मी त्याच्यावर खेकसले खरी, पण घरी भाजी चिरताना वाटलं, मेला बोलतो ते काही खोटं नाही.

म्हणून पत्ते काढले. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, लग्नांचा धडाका उडतो, आणि मग घराघरात लग्नपत्रिकांचे ढीग पडलेले असतात. जाड, गुळगुळीत कागद. पत्त्याएवढे तुकडे कापले, छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर एकेक गोष्ट लिहिली, सालासकट. शाळा कधी बांधली, एसटी कधी आली, ओढ्यावरचा साकव कधी वाहून गेला. नियम एका ओळीचा. प्रत्येकानं एक पान टाकायचं, ज्याचं साल सर्वांत जुनं त्यानं सगळ्या पानांचा हात उचलायचा. जुनं पान मोठं.

काय सांगू, मुलं वेडी झाली! वजाबाकीत हातचे घेताना रडणारा पोरगा सतराशे पन्नास साल अठराव्या शतकात का येतं ते दुसऱ्याला समजावू लागला. मधल्या सुट्टीत पडवीत पत्त्यांचा डाव, आणि तोही इतिहासाचा. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

मग मला पुढची अक्कल सुचली. म्हटलं, आता घरचं पान आणा. तुमचं घर गावात कधी आलं, घरात मोठं काय घडलं, म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणा. शिमग्यात ज्यांच्या अंगणात पालखी पहिली जाते त्या घरचा मुलगा जुन्या सनदेवरून सोळाशे कितीतरी साल घेऊन आला. कुणाच्या खापरपणज्यानं डोंगर फोडून भातशेती केली होती, त्याचं अंदाजे साल आलं. मी माझ्या माहेरचं पान घातलं. तेही चांगलं जुनं होतं, क्वचितच हरायचं. हे सांगायला आज लाज वाटते.

पाचवीतली एक मुलगी होती. यंदा बौद्धवाडीतून येणारी ती एकटीच. अक्षर असं की सगळ्या पत्त्यांवरचे आकडे मी तिच्याकडूनच काढून घेतले होते. तिनं लिहून आणलं, '१९५६. आमच्या पणजोबांनी बौद्ध धम्म घेतला. तेव्हापासून आम्ही माणसं झालो.' मी वाचलं, "छान" म्हटलं आणि पान गठ्ठ्यात सरकवलं.

पुढं एसटी आणि साकव मागे पडले. मुलांना घरच्या पानांचाच डाव हवा असायचा, आपापल्या घरची ऐट मिरवायला. आणि त्या डावात छप्पन सालाचं पान सर्वांत नवं. ते कुणालाच मारू शकत नव्हतं. पिसून वाटल्यावर ते ज्याच्या हातात येई तो कपाळाला हात लावी. "आयला, छप्पन आला!" मग खो-खोत कुणी पडला की पोरं ओरडायची, "तुजा छप्पन झाला रे!" डबा उघडल्यावर नावडती भाजी निघाली तरी छप्पन. एकदा तर मीही हसले.

ती हसत नव्हती. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मला वाटलं, हरते म्हणून फुगलीय, होईल आपोआप ठीक.

त्याच सुमारास तालुक्याला शैक्षणिक साहित्याची स्पर्धा लागली आणि आमचा खेळ बघायला केंद्रप्रमुख आले. मी मुलांचे केस विंचरून घेतले, पत्ते पुसून घेतले, साहेबांसाठी शहाळं आणून ठेवलं. चार मुलं डावाला बसवली, त्यात ती, आणि ज्यानं त्यानं आपल्या घरचं पान हातात घेतलं. डाव रंगला. तीन पानं पडली, पालखीवाल्या घरचं पान वर. मग तिनं आपलं पान टाकलं आणि हात उचलायला पुढं झाली.

"खोटा! बाई, हिनं नवाचा पाच केलाय!" शेजारचा किंचाळला.

खरंच केला होता. निळ्या शाईनं, त्याच सुरेख अक्षरात, १५५६. साहेबांनी पान वाचलं आणि हसले. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. "अगं, चारशे वर्षं आधीच?" एवढंच म्हणाले. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाहुण्यासमोर माझी शोभा झाली ना! मी तिला उभी केली आणि म्हटलं, "लाज नाही वाटत? इतिहासात खोटं चालत नाही. हेच शिकवतात का घरी?"

घरी. हा शब्द माझ्या तोंडून गेला. तिनं पान उचललं, युनिफॉर्मच्या खिशात घातलं आणि खाली बसली. साहेब शहाळं प्यायले, खेळ जिल्ह्याला पाठवण्यासारखा आहे म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलांना म्हटलं, ताप असेल. चौथ्या दिवशी मात्र शाळा सुटल्यावर चालू लागले. वीस वर्षांच्या नोकरीत बौद्धवाडीत मी जनगणनेला गेले होते, मतदार यादी घेऊन गेले होते. कुणाच्या घरात बसायला पहिल्यांदाच जात होते, आणि हे मला वाटेत, चढ चढताना कळलं.

तिचे आजोबा ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, ताठ. मी नमस्कार म्हटलं, ते जयभीम म्हणाले आणि खुर्ची पुढं केली. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"तापबीप काय नाय तिला," आजोबा म्हणाले. "यायचाच नाय म्हनते."

मी खेळ समजावून सांगायला लागले. नियम कसा, मुलांना शतकं कशी समजतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याच तुमच्या शाळेत शिकलो मी. पन पडवीत बसून. आत नाय घेतला आमाला." सुपारी सोलणं थांबलं नव्हतं. "छप्पनच्या सालानंतर माजा बापूस मला हाताला धरून आत घेऊन गेला, पैल्या रांगेत बसवला. तवा ह्या पोरीला मी सांगितला, आपल्या घरात ह्याच्याहून मोठा काय नाय. ती परवा इचारते, आजोबा, मग आपला पान हरता कसा? मला काय सांगता येईना, बाई. तुमी सांगा."

"खेळ आहे हो तो," मी म्हणू लागले.

"आनि आमी हितं त्यांच्या आधीपासून पन असू," ते म्हणाले. "पन लिवून कोन ठेवनार? आमच्या हातात पाटी कवा दिली?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुनं ते मोठं हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. गावातूनच आला होता तो. आमच्याकडे पालखी कुणाच्या अंगणात आधी, नारळ कुणाचा पहिला, सगळं घर किती जुनं त्यावर चालतं. ज्याच्याकडे कागद त्याचं घर जुनं, ज्याचं घर जुनं त्याचा मान मोठा. तोच हिशेब मी कात्री-डिंकानं चिकटवून मुलांच्या हातात दिला होता आणि वर त्याला इतिहास म्हटलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

"माझं चुकलं, आजोबा," मी म्हटलं. ते संकोचून म्हणाले, "असू दे, असू दे, चा घ्या." चहा घेतला. निघताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "उद्या यायचं हां शाळेत." उतरताना मला अगदी हलकं वाटत होतं.

ती आली. मी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. नियम बदलला. आता जो पान टाकेल त्यानं सांगायचं, त्या दिवसानंतर माणसांचं काय बदललं, आणि मोठं पान कुठलं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पोरं कुरकुरली, "मग जिंकला कोन?" पण खेळू लागली. ती मात्र डावाला बसेना. माझ्याशी नीट बोलायची, गृहपाठ दाखवायची, खेळायला नको म्हणायची. मी तिला कोरं पान दिलं. म्हटलं, तुझं पान नव्यानं लिही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर होतं. वर यंदाचं साल. खाली लिहिलं होतं, 'बाई आमच्या घरी आल्या. त्यांनी आजोबांची माफी मागितली. माझी नाही.'

दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागच आला, खरं सांगते. एवढीशी पोर, आणि हिची ही हिंमत! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उमगलं. ओरडले होते तिच्यावर, सगळ्यांसमोर. आणि माफी मागून आले तिच्या आजोबांची, वाडीत, कुणी बघत नसताना. वीस वर्षांत कुठल्या मुलाची माफी मागितलीच नव्हती, ती कशी मागतात तेच मला ठाऊक नव्हतं.

मुलं आत येऊन बसली. हजेरी झाली. मी उभी राहिले आणि ते पान मोठ्यानं वाचलं. मग तिच्याकडे बघून म्हटलं, "माझं चुकलं गो. तू नवाचा पाच केलास, तो माझ्या नियमापायी. आणि तुझ्या घरच्यांबद्दल जे बोलले, ते बोलायला नको होतं." ती उठून उभी राहिली, जशी उत्तर द्यायला राहते तशी.

"बरं, बाई," ती म्हणाली आणि बसली.

त्याला तीन आठवडे झाले. रोज पत्ते वाटताना मी तिच्यासमोर पाच पानं ठेवते. ती वहीत लिहीत बसते, आणि डाव संपला की ती पानं मीच उचलून गठ्ठ्यात ठेवते.