चौथा शब्द

माणसाची स्मरणशक्ती हा अथांग सागर आहे, असं थोर मंडळी सांगत आली आहेत. लीलाबाईंच्या सागरात सकाळपासून चौथा शब्द बुडालाय आणि थोरांपैकी कुणी पोहायला तयार नाही.

एचआयव्हीच्या दवाखान्यातली बाई चार शब्द सांगते आणि पाच मिनिटांनी परत विचारते. टोपी, लाल, कुत्रा... पुढं अंधार. हा आजार वर्षानुवर्षं अंगात राहिला की डोक्यावरही धूळ बसवतो म्हणे. उद्या पुन्हा तपासणी. तपासायचा विसराळूपणा आणि तारीख लक्षात ठेवायची आपणच.

दुपारचं जेवण उरकून, निवडायचं सूप उशाशी घेऊन लीलाबाई आडव्या होतात. डोळा लागतो न लागतो, तोच वीस वर्षांपूर्वी याच आजारानं गेलेले बाजीराव पेंटर दारातून आत येतात. डोक्यावर लाल टोपी, मागं कुत्रं, कानाला हिरवा रंग.

"अहो, तीन आणलेत. चौथा?"

"वाटेत विसरलो."

"मेल्यावरही वेंधळे ते वेंधळेच!"

घराचं आता दवाखान्याचं बाकडं झालंय. बाजीराव समोरच्या भिंतीवर किराणा दुकानाची पाटी रंगवतायत आणि मधलं अक्षर गाळतायत. शेवटच्या वर्षी असंच गाळायचे. लीलाबाई म्हणायच्या, प्यायलात. प्यायलेले नसायचे.

"मला कळलं नाही हो तेव्हा."

"मला तरी कुठं कळलं? 'किणा दुकान' अजून आहे गावात. चांगलं चालतं."

लीलाबाई हसतात, मग हसू अर्ध्यावर राहतं. "शब्द गेले तर जाऊ देत. त्यांच्या मागोमाग तुमचा चेहरा गेला तर?"

बाकडं एसटीच्या थांब्यावर आलंय. बाजीराव लीलाबाईंचा पदर ओढून घेतात, टोकात काहीतरी ठेवतात आणि गाठ मारतात. बाजारातलं काही विसरू नये म्हणून त्या मारायच्या, तशीच.

"हे सांभाळ."

"थांबा ना जरा."

"एसटी लागली." कुत्रं आधी चढतं.

जाग येते. सूप कलंडलंय. पदराला गाठ आहे. कधी मारली, देव जाणे. लीलाबाई ती दातांनी सोडवतात. आत एक दाणा.

"चवळी," त्या मोठ्यानं म्हणतात. डोळे मिटून बघतात, तर बाजीरावांचा चेहराही, हिरव्या कानासकट, जिथल्या तिथं आहे.

मग भिंतीवरल्या फोटोकडं वळून म्हणतात, "अहो, रात्री नऊला गोळी असते. आठवण करायला तेवढी एक चक्कर टाका."