आज मी न्हाई

आमच्या मुकादमांना, म्हणजे आबांना, आठवड्यातून एकदा मरायची खोड होती. दर सोमवारी कामावर पोचलो की ते रुळाशेजारच्या दगडावर बसत, घोंगडी डोक्यावरून ओढून घेत आणि जाहीर करत, "आज मी न्हाई. मेलो आसं समजा आन् काम चालवा."

मग दिवसभर तोंडातून शब्द नाही, डोळे मात्र आमच्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या घाटात रूळ सांभाळणारी आम्ही आठ माणसं, कुणी कुसगावचा, मी बेडशाचा. रीतसर शिकवलं कुणालाच नव्हतं. "येतं का, आसं इचारलं की मानूस व्हयच म्हनतो," आबा म्हणायचे. "मी नसलो की खरं कळतं."

माझं खरं असंच एका सोमवारी कळलं. तडा गेलेला रूळ बदलायचा होता. घामाघूम होऊन आम्ही तो उचकटून बाजूला ठेवला, आणि वळणापलीकडून इंजिनाची शिटी आली. लाल बावटा घेऊन पुढे कुणी गेलंच नव्हतं! तो माझ्या पायाशी पडलेला. मी उचलून धावत सुटलो. गाडीत बायकापोरं असतील, एवढंच डोक्यात होतं.

धाड धाड आवाज झाले आणि गाडी वळणावरच थांबली. आबांनी कामावर येतानाच तिथे दुसरा बावटा रोवून रुळावर फटाके बांधले होते. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. रूळ बसवून गाडी सोडली. घरी बायकोचे दिवस भरत आलेले, नोकरी गेली तर खायचं काय? काम सुटल्यावर घोंगडी बाजूला करून आबा एवढंच म्हणाले, "तुला बावटा धरता येतो रं. कवा धरायचा, ते मी सांगतो तवा कळतं." वरच्या साहेबांना कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी बावटा माझ्या हातात दिला. "हा तुजा. आता मी सांगनार न्हाई."

त्यानंतर मी चुकलो नाही. चांगला वर्षभर.

श्रावणातल्या एका दिवशी घाटात हातभर अंतरावरचं दिसेना, इतकं धुकं होतं. आबा दगडावर टेकले, घोंगडी ओढली. "आज मी न्हाई," म्हणाले. आवाज बारीक होता, आणि वार गुरुवार होता. माझ्या ते लक्षात आलं. म्हातारा वार विसरला वाटतं, असं म्हणून मी मनात हसलोसुद्धा.

रूळ निघायच्या आधी मी बावटा घेऊन धुक्यात शिरलो, फटाके बांधले, गाडी थांबवली. रूळ बसला, गाडी सुखरूप खाली गेली. मी ऐटीत आबांसमोर उभा राहिलो. "बगितलं का आबा? कुनी सांगाया लागलं न्हाई."

घोंगडी हलली नाही. हात लावला तर अंग गार पडलं होतं.

पुढे मुकादमी माझ्याकडे आली. त्या दगडावर मी कधी बसलो नाही. त्या गुरुवारी बावटा मी न सांगता नेला, पण तांब्याभर पाणी घेऊन आबांकडे जायला मला कुणीतरी सांगायला हवं होतं.